नाकसाहेबांची परीक्षा

"घट्ट बांध गं. नंतर तुझी आई म्हणेल, म्हाताऱ्याने फटीतून बघितलं."

भिरभिरीने गळ्यातला स्कार्फ आजोबांच्या डोळ्यांवरून दोनदा फिरवला आणि मागे गच्च गाठ मारली. वनस्पती उद्यानाच्या दाराशी तिकिटं फाडणाऱ्या बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या.

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय आहे का हे?"

"माझं आहे," आजोबा म्हणाले. "हिचं गेलं."

भिरभिरी दहावीत होती. लहानपणी एका जागी कधी टिकायची नाही म्हणून आजोबांनीच हे नाव पाडलेलं, आणि आता खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. जगातला कुठलाही गुंता आपल्यासमोर आणून ठेवावा, आपण तो चुटकीसरशी सोडवू, अशी तिची खात्री झाली होती. म्हणूनच आईने आजचा गुंता तिच्या गळ्यात घातला.

गुंता असा. आजोबांनी सगळा जन्म साबणाच्या कारखान्यात काढला आणि तिथे त्यांचं काम एकच, वास घेणं. साबणाची प्रत्येक खेप आधी त्यांच्या नाकाखालून जायची आणि मगच बाजाराचं तोंड बघायची. सगळा कारखाना त्यांना नाकसाहेब म्हणायचा. घरीही तेच. लहान असताना आईने दुपारी दारामागे बसून काडेपेटीच्या काड्या ओढल्या असतील, तर संध्याकाळी दारात पाऊल टाकताच आजोबा म्हणत, "आज कोण आगीशी खेळलं?" आई अजून सांगते, माझ्या लहानपणी मला एक चोरी म्हणून पचली नाही.

मग या हिवाळ्यात आजोबांना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पत्ता लागला तो दूध उतू गेलं त्या दिवशी. दुधाने गॅस विझला, खोलीभर गॅस पसरला, आणि नाकसाहेब चार हातांवर टेबलाशी पेपर वाचत बसलेले! शेजारचा शिंपी धावत आला, त्याने खिडक्या उघडल्या, म्हणून निभावलं.

तेव्हापासून आईचा एकच धोशा, "बाबा, ते घर सोडा आणि आमच्याकडे या." आणि आजोबांचं एकच उत्तर, "घर सोडणार नाही. आणि नाक परत आलंय माझं."

"कधी आलं?"

"मंगळवारी."

"नाक गेलं, पण नाकावरचा राग जागच्या जागी आहे," आई म्हणाली. शेवटी आजोबांनीच तोड काढली. कारखान्यात वासाच्या खोलीत नवं माणूस घ्यायचं असलं की त्याची परीक्षा ते याच बागेत घ्यायचे. दर वसंतात, बहर भरात असताना, डोळ्यांवर पट्टी बांधून. आता हीच परीक्षा माझी घ्या, ते म्हणाले. पास झालो तर पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही. आईला रजा मिळाली नाही, म्हणून परीक्षक भिरभिरी. "तू सांगशील ते खरं," आई म्हणाली होती.

आता खरं सांगायचं तर परीक्षक काही अगदी धुतल्या तांदळासारखी नव्हती. आजोबा आले असते तर भिरभिरीच्याच खोलीत. दादा शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा कुठे ही खोली तिच्या एकटीची झाली होती. दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी होती : 'न विचारता आत येणाऱ्याने परत जाण्याची तयारी ठेवूनच यावे.' तेव्हा आजोबा पास व्हावेत ही तिची मनापासूनची इच्छा होती, आणि त्या मनात ती खोलीही होती.

"आधी नाक धुऊन घ्या, आजोबा!"

हेही कारखान्यातलंच. दोन वासांच्या मधे स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसून दीर्घ श्वास घ्यायचा. आपला स्वतःचा वास नाकाला ओळखीचा, त्यामुळे आधीचा वास पुसला जातो. त्याला ते 'नाक धुणं' म्हणत. आजोबांनी बाही वर करून नाक धुतलं, भिरभिरीचा हात धरला आणि दोघं निघाले.

बाग अशी फुलली होती की बघणाऱ्याला कुठे बघू आणि कुठे नको असं व्हावं. हिवाळाभर काड्या होऊन उभी असलेली झाडं अंगभर कोवळी पानं लेवून मिरवत होती. माळी पाइप खांद्यावर टाकून वाफ्यांतून फिरत होते. भिरभिरीने आजोबांना आधी काचघरात नेलं. दार उघडताच गरम ओल अंगावर आली.

आजोबांनी छाती भरून श्वास घेतला. "नेचे. ओलं शेवाळ. आणि कुजकी पानं."

"बरोब्बर!"

"इथे एकाची गंमत झाली होती. चांगला शिकलेला मुलगा, कोट-बिट घालून आलेला. म्हटलं, काय वास येतो? तर म्हणाला, साहेब, माझ्या सासूच्या छत्रीचा."

"घेतलं त्याला?"

"लगेच! अगं, अगदी तोच वास होता. फक्त सासू कुणाची, एवढंच चुकू शकत होतं."

भिरभिरी खळखळून हसली. पुढच्या वळणावर वाळलेली पानं पायाखाली चुरचुरली. आजोबा म्हणाले, "निलगिरी." मग उतार लागला, ऊन तोंडावर आलं. "गुलाब. पण अजून कळ्याच जास्त असणार." खरंच कळ्या जास्त होत्या! भिरभिरीने मुद्दाम त्यांना धरून गर्रकन फिरवलं, तळ्याच्या बाजूला वळवलं. पाणी खळखळत होतं. आजोबा थांबले, नाक धुतलं, पुन्हा थांबले.

"लिंबाचा फुलोरा."

"आजोबा, तुम्ही ग्रेट आहात!" भिरभिरीने तिथल्या तिथे उडी मारली. तळ्याकाठी पोरांना घेऊन आलेल्या एका बाईंनी दचकून आपली पोरं जवळ ओढली.

"आई तुझी यायची माझ्याबरोबर," आजोबा सांगत होते. "एवढीशी होती. मी परीक्षा घेतोय आणि ही मागून त्या बिचाऱ्या माणसाला हळूच उत्तर सांगतेय! एकाला तर पास करूनच घेतलं तिने. त्याला सर्दी झाली होती, मला पत्ताच नाही. पुढे महिनाभर त्याने जो साबण पास केला ना, त्याने अंघोळ करण्यापेक्षा माणूस पारोसा बरा."

ते वासाच्या खोलीबद्दल बोलायला लागले, की त्यांचा आवाज तरुण व्हायचा. भिंतभर तपकिरी बाटल्या. प्रत्येक बाटलीत बुडवून हुंगायच्या कागदाच्या अरुंद पट्ट्या. खिडक्या कायम बंद, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी कांदा खाऊन आलं तर त्याला दिवसभर बाहेर बसवायचं. आता तो कारखाना नाही. त्या जागी गाड्या उभ्या असतात. मागे एकदा आजोबा तिथे जाऊन आले होते. म्हणाले, पेट्रोलच्या वासाखाली अजून थोडा साबण येतो गं, भिंतींनी पिऊन ठेवलाय.

पायवाट डावीकडे वळली. बारीक खडी लागली. कुठेतरी नळ ठिबकत होता. आजोबांची पावलं आपोआप मंद झाली. त्यांनी भिरभिरीचा हात सोडला, नाक धुतलं नाही की काही नाही, नुसतं तोंड वर केलं आणि इतका लांब श्वास घेतला की त्यांचे खांदे वर उचलले गेले.

"जाई," ते म्हणाले. "कमान भरलीय ना पार? दरवर्षी याच सुमाराला."

भिरभिरीने वर पाहिलं.

कमान नव्हती. जाई नव्हती. वाटेच्या दोन्ही बाजूंना नवी माती टाकलेली होती आणि तिच्यात ओळीने बुटकी पिवळी फुलं लावलेली होती. भिरभिरी पटकन वाकली, फुलांत नाक घातलं. काही नाही. मातीचा ओलसर वास, बस. कमानीच्या लोखंडी कांबी मागे कुंपणाशी रचून ठेवल्या होत्या, वरून गंजायला लागलेल्या.

"तुझी आजी मला इथेच भेटली," आजोबा पट्टीआडून बोलत होते. "परीक्षेलाच आली होती. वासाच्या खोलीत तोवर एकही बाई नव्हती. काचघर झालं, गुलाब झाला, लिंबू झालं, एक चुकेल तर शपथ. या कमानीखाली आलो. मी विचारलं, काय येतंय? म्हणाली, जाई. आणि साहेबांनी आज दाढी केलेली नाही, साबणाचा वास नाही." आजोबा हसले. "हात लावून बघितलं तर खरंच! परीक्षेच्या गडबडीत विसरलो होतो. तिला पास केलं आणि घरी जाऊन आधी दाढी केली."

भिरभिरीला ही गोष्ट तोंडपाठ होती. पण आज ती ऐकताना तिच्या डोक्यात मागचं सगळं सरसर उलगडत गेलं. काचघराची ऊब. निलगिरीची चुरचुरणारी पानं. तळ्याचं पाणी. अहो, ही वाट ज्यांनी आखली, वर्षानुवर्षं पट्टी बांधलेल्या माणसांना धरून जे या वाटेने चालले, त्यांना नाकाची गरजच काय? त्यांच्या तळव्यांनाच सगळी बाग पाठ. आजोबांनी एकही वास घेतला नव्हता. एकही.

आणि त्यांना माहीत नव्हतं, की तिला कळलंय.

'पास' एवढंच म्हणायचं होतं. आजोबा खूश, खोली आपली, आई निश्चिंत. जिभेच्या टोकावर आलेला शब्द. मग तिला ते दूध आठवलं, आणि विझलेल्या गॅससमोर शांतपणे पेपरचं पान उलटणारे आजोबा दिसले. ती तेव्हा तिथे नव्हती, तरी दिसले.

"आजोबा," ती म्हणाली, "पट्टी काढा."

"का? अजून पुढे चाफा राहिलाय."

"काढा ना."

गाठ तिनेच सोडली. आजोबांनी डोळे मिचकावले. समोर बघितलं, मग वर, जिथे कमान असायची तिथल्या मोकळ्या आभाळाकडे. मग वाटेच्या कडेच्या बाकावर बसले. भिरभिरीही बसली.

"पण मला आला गं," ते शेवटी म्हणाले. "थापा नाही मारत. बाकी सगळं ठोकून दिलं, कबूल. पण जाई खरंच आली. एकदम. इतकी, की मला वाटलं, नाक परत आलंच."

"हो," भिरभिरी म्हणाली. तिला वक्तृत्वातलं एकही वाक्य आठवेना.

"तुझ्या आजीचं कपाट आहे ना, ते रोज सकाळी उघडतो. तिच्या शाली आहेत आत. डोकं घालून उभा राहतो." ते हातातला स्कार्फ उगाच घडी करत, उलगडत होते. "ती गेल्यापासून रोज. तेवढ्यावर दिवस जायचा माझा. आता लाकडाचासुद्धा वास लागत नाही. पण मला वाटतं, एखाद्या सकाळी लागेल. आणि त्या सकाळी मी तुमच्याकडे असलो तर?"

म्हणून घर सोडायचं नव्हतं तर! आणि सगळे म्हणत होते, म्हातारा हट्टी आहे.

भिरभिरीला रडू आलं, पण ते गिळायच्या आधीच ती बोलून गेली. "मग कपाट आणू ना आपण! शालींसकट. जसंच्या तसं."

"आणि ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

"माझ्या खोलीत. माझं टेबल हलवते मी. पुस्तकांचं शेल्फ बाहेर हॉलमध्ये जाईल. दादाची ती भंगार सायकल तर आजच जाईल."

"दाराला पाटी आहे म्हणे तुझ्या."

"ती... ती बदलता येते."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. कारखान्यात नव्या माणसाकडे बघत असतील तसं, तोलून. तेवढ्यात भिरभिरीचा फोन वाजला. आई.

"काय गं? झाली परीक्षा? पास की नापास?"

भिरभिरीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आजोबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"परीक्षकांचा घसा बसलाय, म्हणून परीक्षार्थीच बोलतोय. नापास. पेपर मीच काढला होता, तरी नापास."

पलीकडून आईचा आवाज आला, एकदम वेगळा, लहान मुलीसारखा. "बाबा... जाईच्या कमानीपर्यंत तरी गेलात ना?"

"कमान काढली गं त्यांनी."

भिरभिरीला फोनमधून ऑफिसातलं कुणाचं तरी बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला.

"तिथेच बसा दोघं," आई म्हणाली. "मी निघाले. हे लोक गेले खड्ड्यात, रजा मांडायची ती मांडतील."

फोन बंद झाला. आजोबांनी स्कार्फची नीट घडी केली आणि भिरभिरीच्या मांडीवर ठेवली. पिवळ्या फुलांवरून एक माळी पाणी मारत गेला. दोघं बघत बसले.

"हे बघा," भिरभिरी थोड्या वेळाने म्हणाली, "एक आधीच सांगून ठेवते. खिडकीकडची बाजू माझी."

"का बरं?"

"मला अभ्यासाला उजेड लागतो."

"आणि मला बाहेर बघायला लागतं. अगं, नाक गेलंय माझं, डोळे नाहीत गेले. खिडकी माझी."

"आजोबा, मी नापास केलंय तुम्हाला. विसरू नका."

"म्हणूनच," आजोबा म्हणाले आणि बाकावर ऐसपैस पाय पसरून बसले. "नापास झालेल्याला निदान खिडकी तरी द्यावी माणसाने."