कपाटाला पुराचा वास

खालचा कप्पा

सुरुवात खालून करायला हवी, कारण पाणी खालून आलं. २००५ च्या पुरात कुरुंदवाडला कल्लाप्पांच्या घरात पाणी शिरलं, चार दिवस मुक्काम ठोकून राहिलं आणि जाताना दोन भिंती घेऊन गेलं. उभं राहिलं ते एकटं सागवानी कपाट. कल्लाप्पांनी ते टेम्पोत घातलं, बायको सीताबाईंना पुढं बसवलं आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मुलाच्या म्हणजे पारसच्या दारात उतरून म्हणाले, "घर आणलंय."

घराला वास येत होता. ओल्या पोत्याचा, कुजक्या पाल्याचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याला नाव सापडेना.

"मामंजी, ह्यात काय मेलंय का?" सून रुचितानं पदर नाकाला लावला.

"कुठं काय? मला तर वास येत न्हाय."

खरंच येत नव्हता. चाळीस वर्षं तपकीर ओढलेलं नाक ते. चातुर्मास लागताना मुनीमहाराजांपुढं हात जोडून त्यांनी दिवाळीपर्यंत तपकीर सोडायचा नियम घेतला होता. ह्या गोष्टीचं कौतुक सीताबाई घरोघर सांगत होत्या.

मधला कप्पा

इथं रुचितानं लग्नातले शालू ठेवले आणि दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आली.

"रविवारपर्यंत बघते. न्हाय गेला वास, तर भंगारवाला."

"भंगारात?" कल्लाप्पा दचकले. "अगं, घरातलं तेवढंच ऱ्हायलंय!"

"म्हणून तर रविवार म्हटलं. न्हायतर आजच बोलावला असता."

सोमवारी कडुलिंबाचा पाला. मंगळवारी चौघांनी कपाट गच्चीवर नेलं. जिन्यात ते अडकलं आणि वरचे भाडेकरू दुपारपर्यंत घरातच अडकले. व्हिनेगरचं फडकं झालं, खायच्या सोड्याच्या वाट्या झाल्या. पारसनं कॉफीची पूड ठेवली, तेव्हा पुरात बुडालेल्या हॉटेलसारखा वास आला. डांबरगोळ्या मात्र कल्लाप्पांनी परत पाठवल्या. "किडं मरतात. पाप."

वरचा कप्पा

इथं काही नाही. कापूर ठेवला होता, उडाला.

चोरकप्पा

शनिवारी केरबा सुतार आला. त्यानं बोटाच्या पेरानं कपाट वरपासून वाजवत आणलं आणि मधल्या खणामागं थांबला.

"आण्णा, हितं पोकळ वाजतंय की."

"जुनं सागवान हाय. वाजणारच."

"भरीव लाकूड ठक्क वाजतंय. ह्ये डब्ब वाजतंय. फळी काढतो."

"न्हाय काढायची!" कल्लाप्पा कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"मग उद्या भंगारवाला," रुचिता म्हणाली.

कल्लाप्पांनी एकदा सुनेकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. सीताबाईंच्या चेहऱ्यावर त्या नियमाचं कौतुक अजून ताजं होतं. ते चेहऱ्यावरच राहावं, असं कल्लाप्पांना फार वाटलं. पण पाठीला कपाट लागत होतं. त्यांनी खण बाहेर ओढला, आत कोपरापर्यंत हात घालून एक खुंटी दाबली आणि डोळे मिटले.

फळी सरकली. पारस थेट गॅलरीत पळाला.

आत तपकिरीची एक पुडी निघाली, भिजून फुगलेली, शेणाच्या गोळ्यासारखी. मागं सात रुमाल. धुवायला टाकले असते तर चोरी सापडली असती, म्हणून कोंबलेले. पुरानं भिजवलेले आणि आता हिरवी लव धरलेले.

"ह्ये समदं नियमाच्या आधीचं हाय," कल्लाप्पा घाईनं म्हणाले. "पुराच्याबी आधीचं."

रुमालांच्या पुढंच तपकिरीची एक कोरी चकचकीत डबी होती. ती सीताबाईंनी दोन बोटांनी उचलली. "आणि ही? पोहत आली व्हय पुरातनं?"

केरबा उगीचच रंध्याचं पातं तपासू लागला.

"महाराजांपुढं हात जोडलेले, ते काय नाक झाकायला?" असं म्हणून सीताबाईंनी डबी मोरीत रिकामी केली. रुमाल त्यांनी स्वतः धुतले आणि पेठेला दिसतील असे पुढच्या दोरीवर सातही वाळत घातले. केरबानं आतलं कोरं लाकूड घासून काढलं. चोरकप्प्याची फळी मात्र सीताबाईंनी परत बसवू दिली नाही. "वारं लागू दे. कपाटालाबी आणि ह्यास्नीबी."

चार उन्हांत वास गेला. भंगारवाला आला तो जुने पेपर घेऊन गेला.

दार

आणि कल्लाप्पांचं नाक परत आलं.

चाळीस वर्षांची थकबाकी वसूल करावी तसं ते घरभर फिरू लागलं. "रुचिता, दूध लागतंय." "वरच्यांनी आज मोहरी करपवली." दूध खरंच लागलेलं असायचं आणि मोहरीही.

एका संध्याकाळी पारस कागलच्या एमआयडीसीतून घरी आला. कल्लाप्पांनी दार उघडलं आणि तिथंच थबकले.

"शर्टाला धूर कसला रं?"

"कारखान्यातला, आप्पा."

"कारखाना शिग्रेटी ओढतोय व्हय?"

आतून रुचितानं वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पारसनं केरबाच्या दुकानापुढं गाडी थांबवली. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "मामा, ती फळी परत बसंल का?"

"बसंल की," केरबा म्हणाला. "पण भंगारवाला कुठल्या रविवारी येतोय, त्ये आदी वैनीसायबांना इचारा."