डावीकडची अक्षरं

वहिनीचा स्वभाव मुळातच संशयी. दूध उतू गेलं तर आधी गॅसपाशी कोण उभं होतं ते विचारणार आणि मग पातेलं उतरवणार. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची, आणि तिथे हा स्वभाव तिच्या पथ्यावरच पडला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा नसतो, असं ती तोऱ्यात सांगे. त्या ‘कुणा’त आपण स्वतःही येतो, हे मात्र तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी तिनेच शब्द टाकून धाकट्या नणंदेला तिथे काउंटरवर चिकटवलं. नणंद काडीमोड घेऊन लेकीसकट भावाकडे आलेली. ही नोकरी टिकली तरच तिला वेगळी खोली घेता येणार होती. काम तसं सोपं. रक्ताच्या नळीवर लेबल लावायचं आणि त्यावर नंबर लिहायचा. आधी ‘एबी-’ ही शाखेची खूण, मग त्या दिवसाचा आकडा. पेशंट तान्हं बाळ असेल तर आकड्याआधी आणखी एक ‘बी’. बाळांचे आकडे वेगळे, एकपासून सुरू होणारे.

आणि मग गडबडी सुरू झाल्या. पाच महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर सत्तरीच्या आजोबांची साखर आली. बाळाची आई रिपोर्ट घेऊन तशीच डॉक्टरांकडे धावली. डॉक्टर शहाणे म्हणून निभावलं. पण तीन आठवड्यांत असं चारदा उघडकीला आलं, आणि चारही वेळा वार एक तर सोमवार नाही तर गुरुवार. नणंद काउंटरवर बसायची ती नेमकी याच दोन दिवशी. बाकीच्या दिवशी एक जुनी बाई असायची आणि तेव्हा सगळं कसं सुतासारखं सरळ.

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. मग काय, आतल्या आपल्या खोलीच्या काचेआडून पाळतच सुरू झाली. नणंद कुणाशी हसली की हिला वाटे, लक्ष नाही कामात. गप्प बसली की वाटे, मनात काहीतरी आहे. कावीळ झालेल्याला जग पिवळं, तशातली गत. घरी एकदा तिने आडून आडून विचारलंही.

“सोमवार-गुरुवारीच कसं गं होतं हे?”

“अगं वहिनी, तीन आठवडे झाले, त्या दिवशी बाळांचे डॉक्टर बसतात ना! रडारड, गर्दी, विचारू नकोस.”

“गर्दी सगळ्यांनाच असते,” वहिनी म्हणाली आणि विषय तिथेच मिटवला. नणंदेने उत्तर हातावर आणून ठेवलं होतं. हिने ते सबब म्हणून झटकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने तारखांचा तक्ता करून मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवला. घरची म्हणून झाकलं, असं उद्या कुणी म्हणायला नको! मॅडमनी गुरुवारी चारला दोघींना बोलावलं. नणंदेला काढायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं.

गुरुवारी बाराच्या सुमाराला वहिनी फ्रीजपाशी गेली. नळ्या तिथे आठवडाभर ठेवतात. सोमवारची चुकलेली नळी हुडकायची, तिच्यावरचं चुकीचं लेबल मॅडमना दाखवायचं, म्हणजे हातच्या काकणाला आरसा नको, असा बेत. नळी सापडली. लेबलावर नणंदेचं ठसठशीत अक्षर: ‘एबी-बी१४’. अगदी बरोबर. पण स्क्रीनवर त्याच नळीचा नंबर होता नुसता ‘१४’. आणि त्या दिवशीचे चौदा नंबरचे पेशंट होते एक आजोबा.

वहिनीने नळी उजेडात धरून पुन्हा वाचली. ‘बी’ खाल्ला कुणी? लेबल यंत्रच वाचायचं; लेबल आणि स्क्रीन यांच्यामध्ये माणूस नव्हताच. मध्ये होती तिची स्वतःची एक ओळ.

शाखेची खूण काढून टाकायला तिनेच ती लिहिली होती. तिला वाटलेलं, ही आज्ञा ‘एबी-’ एवढा तुकडा कापते. पण आज्ञा तुकडा बघतच नव्हती. डावीकडून एकेक अक्षर घ्यायचं, ते ए, बी किंवा आडवी रेघ असेल तर टाकायचं, आणि दुसरं काही लागेपर्यंत खातच सुटायचं. मोठ्या माणसांच्या नंबरात ती आकड्यापाशी थांबे. बाळांच्या नंबरात मात्र बाळाची खूणही गिळून टाके. काखेत कळसा म्हणतात तो हा.

ओळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. आता यापुढे घोळ होणार नव्हता. नणंद गेली, घोळही गेला, असंच सगळे म्हणाले असते. कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार वहिनीच्या मनात आला, आणि खोटं कशाला बोला, तो तिथे चांगला ऐसपैस बसला.

एक वाजता नणंद डबा घेऊन आली. तिने घास घेतला नाही.

“वहिनी, खरंच माझ्याकडून झालं असेल का गं? मला तर काहीच आठवत नाही.”

“जेव आधी,” वहिनी म्हणाली.

चार वाजता मॅडमच्या खोलीत नणंदेने कुणी विचारायच्या आत घडी केलेला कागद पुढे सरकवला. “चूक माझीच असणार. मी सोडते नोकरी. फक्त वहिनीला बोल लावू नका, तिने भरवशाने आणलं होतं मला.”

वहिनीला बसवेना. “तो कागद घेऊ नका, मॅडम,” ती म्हणाली. “लेबलं बरोबर आहेत. चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे.” मग सगळं सांगितलं, ओळीसकट.

मॅडमनी शांतपणे विचारलं, “हे तुम्हाला कधी कळलं?”

‘आत्ताच’ असं म्हणता आलं असतं. “बारा वाजता,” वहिनी म्हणाली.

नणंदेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे आपण डबा उघडला तेव्हा?”

“हो.”

नणंदेने कागद उचलून पर्समध्ये टाकला. नोकरी राहिली. वहिनीलाही मॅडमनी समज देऊन सोडलं. संध्याकाळी वहिनी दारात थांबली, तर नणंद म्हणाली, “तू हो पुढे.”

सोमवारी काउंटरवर एक नवी वही दिसली. नणंद नळीवर लेबल लावायची, मग तोच नंबर वहीत लिहायची आणि समोरच्या पेशंटची, बाळ असेल तर त्याच्या आईची, सही घ्यायची. जुन्या बाईने विचारलं, हे दुप्पट काम कशाला?

“असू दे,” नणंद म्हणाली. “आत कोण बसलंय, ते मला ठाऊक आहे.”

काचेआड वहिनीला सगळं ऐकू आलं. तिने मान खाली घातली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.