थांबवलेलं वाचन

मित्रांनो, मला पाच बोटं आहेत, पण कामाचं एकच. बाकीची चार कारागिराने मुठीत मिटवून टाकली आहेत. मी एक जुना चांदीचा हात आहे, लांबीला तुमच्या पेन्सिलीएवढा. माझं घर म्हणजे यहुदी लोकांचं एक लहानसं प्रार्थनागृह. तिथल्या कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेला पवित्र ग्रंथ आहे, गुंडाळी करून ठेवलेला. त्याच्या अक्षरांना उघड्या हाताने शिवायचं नाही, असा नेम. म्हणून वाचणारा मला धरतो आणि माझ्या बोटाने ओळीवरून पुढे सरकतो.

मला घडवलं एका सोनाराने. तो या धर्माचा नव्हता. बोट कसं करावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याने आपल्या लेकीला समोर बसवलं आणि सांगितलं, "मला मुंगी दाखव, पण अशी की ती घाबरणार नाही." तिने जसं बोट पुढे केलं, तसंच माझं झालं. म्हणून मी कधी कोणावर धावून जात नाही. हळूच दाखवतो.

पुढे कितीतरी हातांनी मला धरलं. कोणाचे म्हातारपणाने थरथरणारे, कोणाचे घामेजलेले. लग्न ठरलेला नवरदेव वाचायला उभा राहिला की माझी ओळ हमखास चुकायची, कारण त्याचं सगळं लक्ष वर बायका बसतात त्या सज्ज्याकडे. बायका हसायच्या आणि मला मात्र म्हणायच्या, "किती देखणं काम आहे हो!" मी सुखात होतो.

त्या सगळ्या हातांत मला रंगाऱ्याचा हात फार आवडायचा. तो लोकांची घरं रंगवायचा. रॉकेलने घासूनही नखांतला रंग जायचा नाही, आणि त्याची त्याला लाज वाटायची. म्हणून तो मला अगदी टोकाशी, दोन बोटांत, नवं बाळ उचलावं तसा धरायचा.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, ग्रंथही उघडत नाही. शब्बाथला, म्हणजे आमच्या विसाव्याच्या शनिवारी, बाहेरच्या वस्तीतून आणखी चारपाच जण यायचे. पण एरवीच्या संध्याकाळी गल्लीतले मोजून दहाच. त्यातला रंगारी रोज उशिरा. नऊ जण दाराकडे डोळे लावून बसायचे. तो धापा टाकत आला की दातांचे डॉक्टर म्हणायचे, "या महाराज. देव ताटकळलाय." मग हशा, आणि मग प्रार्थना.

पुढे दिवस वाईट आले. शिपाई रात्री-बेरात्री दारं ठोठावू लागले. माणसं का नेली हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. अशात एका संध्याकाळी कचेरीच्या भिंतीवर कोणीतरी लाल रंगात लिहिलं, 'नेलेली माणसं परत द्या'. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला धरलं. पुरावा काय, तर नखांत लाल रंग. अहो, तो त्या आठवड्यात एका शाळेची दारं रंगवत होता. आणि भिंतीवर लिहिलं गेलं त्या वेळी तो आमच्याकडे प्रार्थनेला उभा होता. मी कपाटात होतो, पण त्याची धाप मी ऐकली होती.

त्याची बायको नऊही घरी गेली. सगळ्यांनी तिला पाणी दिलं आणि "बघू" म्हटलं.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सर्वांसमोर वाचन थांबवावं, आणि त्याची दाद लागल्याशिवाय ते पुढे नेऊ नये. पुष्कळ वर्षांत कोणी तसं केलं नव्हतं. त्या शब्बाथला मी एका ओळीच्या मधोमध होतो, तेवढ्यात रंगाऱ्याची बायको सज्ज्यातून खाली आली आणि तिने मला मुठीत घट्ट धरलं.

मोठे दादा, म्हणजे कापडाचे व्यापारी आणि आमचे प्रमुख, हळूच म्हणाले, "वहिनी, आज शब्बाथ आहे. उद्या निवांत बोलू."

"उद्या तुमचं दुकान असतं, दादा."

वरून एक म्हातारी म्हणाली, "बोल गं तू. इथे कोणाची गाडी चुकत नाहीये."

तिचा आवाज मुळीच चढला नाही. "हे त्या संध्याकाळी इथे नव्हते असं तुमचं म्हणणं असेल, तर तसं सांगा. म्हणजे मग तुम्ही नऊच होता. म्हणजे मग प्रार्थना झालीच नाही. झाली होती ना?"

"झाली होती," दातांचे डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत म्हणाले.

"मग सोमवारी खटला आहे, तिथे न्यायाधीशांपुढे येऊन एवढंच सांगा. दुसरं काही मागत नाही."

दादांनी माझं दुसरं टोक धरलं. म्हणाले, "सोमवारी आम्ही नऊही जण येऊ. ग्रंथासमोर शब्द देतो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मूठ सोडली. वाचन पुढे सुरू झालं. मित्रांनो, त्या दिवशी मी ज्या दिमाखात त्या ओळींवरून चाललो, तसा आयुष्यात कधी चाललो नव्हतो.

सोमवारी काय झालं ते मला त्या म्हातारीने सांगितलं. कपाटासमोर उभी राहून ती एकटीच बोलत होती. सात जण गेलेच नाहीत. कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा पाय मुरगळला. दातांचे डॉक्टर पायऱ्यांपर्यंत गेले, पण शिपाई येणाऱ्यांना नावगाव विचारत होते, तशी त्यांची पाचावर धारण बसली आणि ते मागे फिरले. दादा मात्र आत गेले. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "संध्याकाळी गर्दी असते, साहेब. कोण आलं, कोण नाही, नेमकं आठवत नाही."

गर्दी! दहा माणसांची गर्दी.

रंगाऱ्याला दूरच्या खाणीवर सक्तमजुरीला पाठवलं.

मला दुःख होतं ते फक्त शिक्षेचं नाही. शत्रूने भिंत उभी केली तर ती भिंत म्हणून दिसते तरी. इथे आपल्याच माणसांनी मला पुढे करून तिची मूठ उघडली आणि तिच्या तोंडाला पानं पुसली. मला बोट आहे, जीभ नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बातमी बाहेरच्या वस्तीत पोचली आणि तिथली माणसं यायची बंद झाली. न भांडता, न सांगता. आता शब्बाथलाही नऊच असतात. ते येतात, दाराकडे बघत बसतात, आणि आपापली प्रार्थना तोंडातल्या तोंडात पुटपुटून उठतात. ग्रंथ कपाटातच राहतो, आणि मीही.

खाणीजवळ राहायला जाण्याआधी रंगाऱ्याची बायको एकदा आली होती, हातात पिशवी घेऊन. दादा पुढे झाले. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, आम्ही त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करू."

"किती जण, दादा?" तिने विचारलं.

खरंच उत्तर हवं असल्यासारखी ती थोडा वेळ थांबली. मग पिशवी उचलून निघून गेली.

आता मी काळा पडलोय. दादा अधूनमधून मला बाहेर काढतात, मऊ फडक्याने खूप वेळ पुसतात आणि परत ठेवतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. पण माझी विनंती वेगळी आहे. मला पुसू नका. रंगारी अजून खाणीवर जिवंत आहे. खटला पुन्हा चालवा, अशी मागणी अजून करता येते. नऊही जण धडधाकट आहेत आणि त्यांच्यातला एकही काही विसरलेला नाही. तुम्ही इकडून गेलात तर आत या, त्यांच्यासमोर उभे राहा आणि तिने विचारलं होतं तेच, 'किती जण?', हळू आवाजात पुन्हा विचारा. उत्तर येईपर्यंत हलू नका. वाचन थांबलेलंच आहे, कोणाचाही खोळंबा होणार नाही.