उजवीकडची खुर्ची

देव न्यायी आहे, यावर थोरलीचा पूर्ण विश्वास होता. फक्त तो न्याय लवकर व्हावा आणि तिच्या डोळ्यांदेखत धाकट्या जावेवर व्हावा, एवढंच तिचं म्हणणं.

का नसावं? दोघी एकाच लाँड्रीत इस्त्रीला होत्या, थोरली तिथली मुकादम. धाकटीला काम शिकवलं ते थोरलीनेच. एके दिवशी थोरली पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बघते तर तिच्या टेबलावरचा गिऱ्हाइकाचा कोट पाठीवर जळलेला. शेजारच्या टेबलावर धाकटी खाली मान घालून कॉलर दाबतेय. तिथली रीत अशी, की कपडा जिच्या टेबलावर, दोष तिचा. थोरलीला काढून टाकलं आणि तिची मुकादमाची जागा धाकटीला मिळाली. घरी नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, आणि थोरली लोकांचे जिने पुसायला लागली.

इकडे धाकटीच्या खिडक्यांना नवे पडदे आले, मुलांच्या पायांत नवे बूट आले. थोरलीच्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोला. त्यात एका रविवारी धाकटीने चर्चमध्ये उपासनेत उभं राहून साक्ष दिली, की प्रभूने माझ्यासाठी दार उघडलं. दार उघडलं म्हणे! त्याच दारातून आधी कुणाला बाहेर काढलं, ते नाही सांगितलं बयेनं. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बायकांची प्रार्थना दर बुधवारी. हात धरून गोल बसायचं आणि प्रत्येकीने आपल्या उजवीकडच्या बाईसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. धाकटीसाठी तोंड उघडावं लागू नये म्हणून थोरली उजवीकडच्या खुर्चीवर पिशवी ठेवून द्यायची आणि एखादी म्हातारी आली की उचलायची. त्या बुधवारी पाळकबाई उशिरा आल्या. धाकटीने उठून त्यांना आपली खुर्ची दिली आणि ती बसायला जागा शोधू लागली. उरली होती ती पिशवीचीच.

थोरलीची पाळी आली आणि ती मांडीवर घेतलेल्या पिशवीकडेच बघत बसली.

"बोला ना," पाळकबाई हळूच म्हणाल्या.

"प्रभू, मला हिचा हेवा वाटतो," थोरली म्हणाली. "पडद्यांचा वाटतो, बुटांचा वाटतो, हिचा नवरा दोन पायांवर चालतो त्याचाही वाटतो. तो कोट कुणी जाळला, ते तू पाहिलंयस. हिला कधी आणि कशी शिक्षा करायची, ते मी तुला रोज सांगत आले. आता नाही सांगत. न्याय तुझा तू कर. माझ्या हातात दिलास, तर मी हिचं वाटोळं करीन. आमेन."

 आता धाकटीने तिच्या उजवीकडच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईसाठी प्रार्थना करायची होती.

"कोट मी जाळला," धाकटी म्हणाली. "तुमची इस्त्री चांगली तापते म्हणून घेतली, ताई, आणि परत ठेवताना तशीच तुमच्या टेबलावरच्या कोटावर ठेवून वळले. मग बोलायची हिंमतच झाली नाही."

हे ऐकायला थोरलीने देवाला किती आळवलं होतं. ऐकलं की नाचेन, असं तिला वाटायचं. राग अजून होता, हेवाही जागच्या जागी होता. पण धाकटीचा हात अजून तिच्या हातात होता आणि तो तिला सोडवेना.

"आता मालक मला काढतील," धाकटी म्हणाली.

"काढतीलही," थोरली म्हणाली. "पण उद्या सकाळी सांगायचं. एकटी जाऊ नकोस, मी येते बरोबर."