शेपटी मागे राहिली

मी एक म्हातारी कुत्री बोलतेय. नाव शेपटी. हसू नका. माझी स्वतःची शेपूट अर्धीच आहे. उरलेली लहानपणी एका लोखंडी दारात चेंगरली आणि गेली. तरी हे नाव मला मिळालं, कारण मी एका बाईच्या मागे शेपटीसारखी लागले.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत झाला. आईचं दूध आटलं तशी भावंडं पांगली. मी तिथेच राहिले, कारण कुठे जायचं ते सुचलं नाही. एका सकाळी डोंगरावरून एक बाई पळत खाली आली. तिच्या मागे कुणी लागलेलं नव्हतं, पुढेही काही पळत नव्हतं. विनाकारण पळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. हिचं झालंय तरी काय, म्हणून मी मागे धावले, ती थेट तिच्या दारापर्यंत.

"एवढं आलीच आहेस, तर ये आत," ती म्हणाली.

ती चष्म्याच्या काचा घासून द्यायची. खाली मालकांचं दुकान, वर तिच्या दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. दिवसभर यंत्रासमोर मान खाली, नखांत काचेची पांढरी भुकटी. पण सकाळी बूट बांधले की हीच का ती, असं वाटायचं. सडकेवर पळायला तिला आवडत नसे. दगड, मुळं, निसरडी माती, एका वेळी एकच पाऊल मावेल अशी वाट, हे सगळं हवं. मी पुढे, ती मागे. खाली उतरताना ती लहान मुलीसारखी ओरडायची. मीही भुंकून घ्यायचे. ऐकायला होतंच कोण?

मग एकदा चढावर ती थांबली. कधी न थांबणारी ती, गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिली. "काही नाही गं, चल," म्हणाली. पण चालली नाही. काही दिवसांनी फुप्फुसाच्या आजाराचं नाव घरात आलं आणि ती दवाखान्यात गेली. मालक मला भाकरीचे तुकडे टाकायचे. मी जिन्यात बसून असायचे.

परत आली ती अर्धीच. जिन्याच्या मध्यावर तिला बसावं लागायचं. गोळ्यांचा वास तिच्या घामालाही येई. मी पायाशी पडून राहायचे. पाय शिवशिवायचे, पण कुणाला सांगणार?

हळूहळू ती सावरली. बूट बाहेर काढून पुसलेही. तेवढ्यात तिच्या आईचं एक अंग लुळं पडलं. भाऊ परगावी. "तुझ्याकडेच ठेव. तू एकटीच तर आहेस, तुला काय अडचण?" तो फोनवर म्हणाला. फोनवरून सेवा करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

आईची खाट पुढच्या खोलीत लागली. आल्या आल्या आईने फर्मावलं, "आधी त्या कुत्रीला बाहेर काढ." मला काढलं नाही. पुढे पुढे आईचा लुळा हात खाटेवरून खाली लोंबायचा, माझ्या डोक्यावर टेकायचा. आईला ते कळत नसे. मी हलत नसे.

अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, मऊ भात भरवणं आणि मधल्या वेळात खाली जाऊन काचा घासणं. दोघी अधूनमधून भांडायच्या. एकदा आई अडखळत म्हणाली, "मी मेले की सुटशील बघ तू."

"हो, पळतच सुटेन."

मग आई वाकड्या तोंडाने हसली, तीही हसली. हसता हसता ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आई गेली. खाट गेली. भाऊ आला, रडला, गेला. जाताना म्हणाला, "आता या वयात ते डोंगरावर उड्या मारणं पुरे कर." जुन्या बुटांचे तळ नुसते पडून राहून सुटले होते. तिने नवे आणले.

त्या सकाळी तिने माझा पट्टा हातात घेतला. मी उठले. माणसांचं मधे थांबणं आणि आमचं थांबणं सारखं नसतं हो. ती थांबली होती तेवढ्यात मी म्हातारी झाले होते. पहिल्याच चढावर माझे मागचे पाय बसले. तिलाही धाप लागली होती. दोघी धुळीत बसलो.

"शेपटे, तूसुद्धा?" एवढंच म्हणाली. मग मला उचलून, ठिकठिकाणी थांबत, खाली घेऊन आली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खुबे झिजलेत. चढ बंद."

तेव्हापासून रोज सकाळी ती नवे बूट घालायची आणि मला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायची. मी चार पावलं टाकून बसले की तीही थांबायची. "तू बरी झालीस की जाऊ," म्हणायची. डोंगराकडे मात्र पाहायची नाही. आधी आजार, मग आई. आता तिच्या वाटेत मी बसले होते.

म्हणून एका सकाळी तिने पट्टा वाजवला तेव्हा मी उठले नाही. उठता आलं असतं, खरंच. मी डोळे मिटून घेतले. तिने हाक मारली, कान खाजवला, दाराशी घुटमळली. मग जिन्यावर तिची पावलं वाजली. आधी हळू, गल्लीत गेल्यावर भराभर. मी ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिले. बाकी काय सांगू? खोली फार मोठी वाटली.

परतली तेव्हा गुडघा फुटला होता, पायमोज्यांना कुसळं चिकटली होती, आणि छाती भात्यासारखी चालली होती. जमिनीवर बसून ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

आता मला पाण्याच्या भांड्यापर्यंत जाणंही जड जातं. ती निघते तेव्हा मी झोपलेलीच असते. एकच मागणं आहे. ज्या सकाळी मी खरोखरच उठणार नाही, त्या सकाळी तुमच्यापैकी कुणाच्या आधी लक्षात आलं, तर तिला सांगू नका. तिला बूट बांधू द्या, जिना उतरू द्या. डोंगर चढून येऊ द्या. परत आल्यावर कळलं तरी चालेल.