एकट्याची खोली

"ए वुसुमुझी, मी भिंतीशी बोलतेय का? तोंड उघड, नाहीतर खोली पुढच्याला जाईल."

कोगी नायडूनं किल्ली टेबलावर आपटली. वुसुमुझीचे कान तापले. एरवी एकाला दहा सुनवणारं पोरगं ते. शाळा सुटली तीही मास्तरला उलटून बोलल्यामुळं. निवारागृह चालवणाऱ्या कोगीशी त्याचं रोज वाजायचं. आणि आज, फुटपाथ नि निवारागृह सुटून हक्काची खोली मिळायच्या दिवशी, हा मुका.

प्रश्न तर सोपा होता. खोलीत एकटाच राहणार ना? एका खोलीत एकच माणूस, आणि तशी कबुली चारचौघांत तोंडानं दिल्याशिवाय किल्ली नाही. हे वुसुमुझीला माहीतच नव्हतं. हात पुढं करायचा नि किल्ली घ्यायची, असं धरून तो सकाळीच वॉरविक बाजाराच्या फुटपाथवर जाऊन आला होता.

मागून रांगेतला म्बोंगेनी म्हातारा टोमणे मारत होता. पोराची वाचा बसली असेल तर खोली मला द्या, मी दिवसभर बोलून दाखवतो, म्हणाला. रांग हसली.

"आणि जॅकेटात काय लपवलंयस?" कोगीनं विचारलं.

वुसुमुझीनं चेन खाली ओढली. आत हिरव्या पानांची काटेरी फांदी होती.

हसू थांबलं. म्बोंगेनीनं टोपी काढली. डर्बनमध्येच वाढलेल्या कोगीलाही काही सांगावं लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात वुसुमुझीची आई त्या फुटपाथवरच गेली होती. त्यांच्यात रीतच होती: माणूस जिथं जीव सोडतं तिथून त्याच्या आत्म्याला अशा फांदीवर घरी आणायचं, आणि घर येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोललं की ते वाटेतच राहतं. आजवर आईला न्यायला घरच नव्हतं.

वुसुमुझी फांदीकडं वळला.

"आई, या बाईला म्हणावं, आरडाओरडा नको करू. तू बिचकशील."

कोगीनं शेजारची रिकामी खुर्ची पुढं ओढली आणि तिच्याकडं तोंड केलं.

"बसा माई. चुकलं माझं. पण नियम पडला, विचारावं तर लागतं. पोरगा एकटाच राहणार ना?"

वुसुमुझीनं फांदी खुर्चीवर टेकवली. अंगठ्यानं एक काटा चाचपत राहिला. 'हो' म्हणायचं म्हणजे आईच्या तोंडावर म्हणायचं, तेही तिला घरी नेताना.

"आई, सांग तिला. नाही म्हणावं."

कोगी खुर्चीकडं कान देऊन वाकली, बराच वेळ मान डोलावत राहिली. मग तिनं म्बोंगेनीकडं बघितलं.

"माई 'हो' म्हणाल्या. ऐकलंत ना?"

"अगदी स्पष्ट," म्हातारा म्हणाला.

किल्ली टेबलावरून सरकत आली. वुसुमुझीनं ती मुठीत आवळली, फांदी छातीशी धरली.

"चल आई, निघायला हवं आता. बाहेर टॅक्सीवाल्यानं तुझी खिडकीची सीट राखून ठेवलीय."