आईंच्या पानावरचा पहारा

समुद्र आमच्या खोलीच्या खिडकीतून छान दिसत होता, आणि तो खिडकीतूनच दिसत राहणार अशी लक्षणं पहिल्याच दुपारी दिसली.

कारण आमच्या सासूबाई. डॉक्टरांनी त्यांना गहू कायमचा बंद केलाय. चुकून घास पोटात गेला, की आडव्याच. बरं, पथ्य पाळायला आई तयार असतात. पण वाढलेलं नाकारायचं नाही आणि पानात टाकायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय, की कुणी प्रेमानं दगड वाढला तरी 'छान झालाय हो' म्हणत चावतील. 'नको' हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

आणि मला पोहायचं होतं. किती वर्षांनी सुट्टी मिळाली होती! नवा पोशाखही घेतला होता. नवऱ्याला म्हटलं, "मी कपडे बदलून येते, तोवर आईंच्या पानाकडे बघ."

आले तर आई तळलेल्या माशाचा शेवटचा तुकडा संपवत होत्या.

"अरे, वरचं कुरकुरीत कशाचं होतं?"

"वेटरला विचारलं ना मी," नवरा ऐटीत म्हणाला. "गहू अजिबात नाही. रवा आहे."

मी कपाळावर हात मारला. "आणि रवा कशाचा असतो?"

"रव्याचाच ना?"

इंजिनिअर आहे हो हा माणूस! पूल बांधतो. लोक जातात त्यांवरून.

"आई, तुम्हाला तरी माहीत होतं ना?"

"माहीत होतं गं. पण बिचाऱ्या वेटरनं इतक्या हौसेनं वाढला..."

दुसरा दिवस आईंनी अंथरुणात काढला आणि मी त्यांच्या उशाशी. त्यानंतर पहारा माझ्याकडे आला. न्याहारीला पाव आला, परत पाठव. सूप आलं, घट्ट कशानं केलंय ते विचार. आचारी आईंवर खूश, वेटर आईंवर खूश, आणि मी मात्र खाष्ट सून. नवा पोशाख रोज आत घालायचे आणि कोरडाच काढायचे.

शेवटच्या दिवशी आई म्हणाल्या, "जा गं, पाय तरी भिजवून ये. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

गेले. गुडघाभर पाण्यात पोचते न पोचते तोच मागे वळून पाहिलं. छत्रीखाली आई, शेजारी घोरणारा नवरा, आणि समोर हॉटेलची मालकीण केकची बशी घेऊन!

"थांबा!" मी अशी ओरडत धावले की सगळा किनारा वळून बघायला लागला. फक्त नवरा सोडून.

"खास तुमच्यासाठी केलाय," मालकीणबाई सांगत होत्या. "मैदा अगदी नावाला."

आईंचा हात बशीपर्यंत गेलेला. मी समोर धापा टाकत उभी. आईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हिचे केस अजून कोरडेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात मागे घेतला. "नको."

मालकीणबाईंचा चेहरा पडला. आईही घाबरल्या. पण आभाळ काही कोसळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. "नको हो. मला बाधतो. आणि मग हिची सुट्टी वाया जाते."

मला रडूच फुटलं. एवढं सगळं आईंना दिसत होतं तर!

या गडबडीनं नवरा जागा झाला. "काय झालं? आई, चहा सांगू?"

"नको."

"मग हा केक मी खाऊ?"

"नको!"

आईंना आता चवच लागली होती. त्यांनी पदर खोचला, माझा हात धरला आणि मला थेट लाटांत ओढत नेलं. पहिल्या लाटेला किंचाळल्या, दुसरीला हसल्या, आणि तिसरीला आम्ही दोघीही चिंब.

ऊन उतरलं. काठावरून नवरा सामान घेऊन हाका मारायला लागला.

"आई, गाडी चुकेल. निघूया ना आता?"

केसांतून पाणी निथळत होतं. पुढच्या लाटेकडे बघत आई म्हणाल्या, "नको."